नमुना क्रमांक नऊ

प्रेमकादंबरी ही वस्तू घरोघरी सापडते, पण ती कोणाचीच नसते. ती वहिनींची असते. वहिनींना विचारावे, तर ती वरच्या मजल्यावर भाड्याने राहून गेलेल्या नर्सबाईंची असते. नर्सबाई आता नाशिकला असतात. पुस्तकाच्या एकशे चाळिसाव्या पानावरचा आमटीचा डाग मात्र ताजा असतो.

खडकीच्या श्रमदीप वाचनालयाने २००५ साली सभासदांची पाहणी केली. ‘आपण प्रेमकादंबऱ्या वाचता का?’ या प्रश्नाला शंभर सभासदांपैकी सत्त्याण्णव जणांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. उरलेल्या तिघांपैकी दोघांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. तिसऱ्या सुशीलाबाई.

वाचनालय नागोरावांच्या ताब्यात होते. नागोराव खडकीच्याच दारूगोळा कारखान्याच्या भांडारात हमाल म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी भांडारपाल म्हणून निवृत्त झाले. मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, प्रौढ साक्षरता वर्गात ते अक्षरे शिकले. त्यांनी आयुष्यात वाचलेले पहिले वाक्य ‘आत काडेपेटी नेण्यास सक्त मनाई आहे’ हे होते, आणि त्या वाक्यावरचा त्यांचा विश्वास अजून उडाला नव्हता. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाचा छापील नियमावर जेवढा विश्वास असतो, तेवढा तो नियम छापणाऱ्याचाही नसतो.

त्यामुळे पुस्तकांची मांडणी त्यांनी कारखान्याच्या पद्धतीने केली होती. जड वस्तू खाली (इतिहास, कायदा, दिवाळी अंकांचे गठ्ठे). रोज लागणाऱ्या वस्तू हाताशी (रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, रेल्वेचे वेळापत्रक). ज्वालाग्राही वस्तू वेगळ्या कपाटात, कुलपात, खिडकीपासून लांब. ज्वालाग्राही म्हणजे प्रेमकादंबऱ्या, एकूण नग तीनशे चौदा, कपाट क्रमांक चार. कपाटावर तांबडा पट्टा ओढलेला होता आणि शेजारी वाळूची बादली होती. (बादली आजवर एकदाच उपयोगी पडली. दिवाळीत वैजनाथ नावाच्या सभासदांच्या नातीने त्या वाळूचा किल्ला केला.)

या कपाटाच्या एकमेव वाचक सुशीलाबाई. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची एकतीस वर्षे गेली होती. जोडून दिलेले संभाषण ऐकायचे नाही, असा तिथे नियम होता. त्यामुळे काय काय ऐकायचे नाही हे त्यांना पाठ होते. पुढे यंत्रे आपली आपणच फोन जोडू लागली आणि बाईंना स्वेच्छेने निवृत्त करण्यात आले. तेव्हापासून त्या रोज दुपारी चारला यायच्या, एक कादंबरी परत करायच्या, दुसरी घ्यायच्या आणि जायच्या. तीनशे चौदा संपल्या की पुन्हा पहिलीपासून. सध्या पाचवी फेरी चालू होती.

चाराला पाच कमी असताना नागोराव कपाटाचे कुलूप काढून ठेवत. कुलूप जुने होते आणि कधीकधी अडकायचे, एवढेच त्यामागचे कारण. त्याच सुमाराला ते टोपी नीट करत. टोपीही जुनी होती.

जानेवारी २००६ मध्ये कार्यकारिणीची सभा झाली. अध्यक्ष बापूराव हे निवृत्त सुभेदार. त्यांचा मुलगा अभिनव सर्वांत तरुण सदस्य. तो खराडीला, जिथे सगळीकडे काच असते पण उघडणारी खिडकी एकही नसते, अशा इमारतीत कामाला होता. त्याने लॅपटॉप उघडून सर्वांकडे फिरवला.

“नागोकाका, डेटा बघा ना. चार नंबरच्या कपाटाला वर्षभरात युनिक रीडर किती? एक! तिथे तीन कॉम्प्युटर मस्त बसतील. पोरांसाठी क्लास काढू.”

“एक तर एक,” नागोराव म्हणाले. “वाचक आहे ना?”

“एका शिपायाला पलटण म्हणत नाहीत, नागोराव,” बापूरावांनी निकाल दिला.

ठराव झाला. एकतीस मार्चपर्यंत कपाट क्रमांक चारमधून पंचवीस वेगवेगळ्या सभासदांनी पुस्तके नेली, तर कपाट राहील. नाही तर पुस्तके रद्दीत जातील.

त्या दिवशी नागोरावांना जेवण गेले नाही. तीनशे चौदा नग रद्दीत जाणार याचे दुःख होतेच. पण कपाट गेल्यावर सुशीलाबाई चार वाजता कशासाठी येतील, असा प्रश्न त्यांना पडला. तो अर्थात वाचनालयाच्या उपस्थितीचा प्रश्न होता. यात वैयक्तिक काहीच नव्हते.

कारखान्यात एक पद्धत होती. मागितलेली वस्तू शिल्लक नसेल, तर ‘नाही’ म्हणायचे नाही. तुल्य वस्तू द्यायची, ती तुल्य का हे लिहायचे आणि नमुना क्रमांक नऊवर मागणाऱ्याची सही घ्यायची. पितळी बिजागरी नसेल तर लोखंडी द्यायची. दाराला काही कळत नाही. चौतीस वर्षांत एकही दार तक्रार घेऊन आले नव्हते.

नागोरावांनी दुसऱ्या दिवशी कपाट क्रमांक चार सोडून बाकी सर्व कपाटांची वार्षिक मोजणी एकदम सुरू केली. मोजणी चालू असलेला माल नियमानुसार देता येत नाही. आता फक्त कोणत्या मालाला कोणता माल तुल्य, हे ठरवायचे होते. त्यासाठी कादंबऱ्यांत काय आहे हे माहीत हवे, आणि नागोरावांनी एकही वाचली नव्हती. बोट ठेवून एक पान वाचायला त्यांना बारा मिनिटे लागत. रोज दोन तास धरले तरी सगळे कपाट वाचायला सतरा वर्षे लागणार होती.

चार वाजता सुशीलाबाई आल्या.

“आपण जरा बसता का?” नागोराव म्हणाले. ज्यात पुस्तकाचा क्रमांक नाही असे हे त्यांचे सुशीलाबाईंशी पाच वर्षांतले पहिले वाक्य.

“का? पान फाडलं का मी कुठलं?”

“नाही हो. या मालाचं वर्णन हवं होतं. कशात काय आहे ते.”

“सगळ्यांत तेच आहे, नागोराव.”

“तसं लिहिता येत नाही. नमुन्यात वेगवेगळं लिहावं लागतं.”

सुशीलाबाई बसल्या. त्या दिवशी तीन कादंबऱ्यांचे वर्णन झाले, दुसऱ्या दिवशी चारांचे. बाई सांगत आणि नागोराव एकेक अक्षर लावून कार्डावर उतरवत. बाई मध्येच थांबून त्यांचे जोडाक्षर पूर्ण होण्याची वाट पाहत. कामाच्या सोयीसाठी टेबलाजवळ दुसरी खुर्ची कायमची ठेवण्यात आली. बोलून घसा कोरडा पडतो म्हणून चहा मंजूर झाला. एकालाच चहा देणे नियमात बसत नसल्याने दोन कप मंजूर झाले.

वाटप पुढीलप्रमाणे झाले.

शमशुद्दीनभाई, खडकी बाजारातले घड्याळजी, चाळीस वर्षे फक्त रहस्यकथा. तुल्य वस्तू: नग एकशे बारा. कारण: नायिकेच्या मनात कोण आहे, हे दोनशे नवव्या पानापर्यंत कोणालाच कळत नाही, नायिकेलाही नाही. भाईंनी तीन दिवसांत पुस्तक परत आणले.

“मला पन्नासाव्या पानावरच कळलं होतं,” ते म्हणाले. “पण त्या गाढवाला कळेना, म्हणून शेवटपर्यंत थांबलो. दुसरं असलं काही आहे? गाढव हेच असलं तरी चालेल.”

वैजनाथ, फक्त भुताच्या गोष्टी. तुल्य वस्तू: नग एकाहत्तर. कारण: पान अठ्ठ्याऐंशीवर दार आपोआप उघडते आणि दारात मुलीचे वडील उभे असतात. (वैजनाथांनी ते पान सुनेला वाचून दाखवायला सांगितले आणि स्वतः अंगावर शाल घेतली.)

प्रियदर्शनी, खराडीला कंपनीत, फक्त यशस्वी कसे व्हावे याची पुस्तके. “मी फिक्शन वाचतच नाही, अंकल, टाइम वेस्ट होतो,” असे तिने सहीच्या शेजारी लिहूनही दिले. तुल्य वस्तू: नग दोनशे तीस. कारण: नायक सात वेळा नापास होतो, प्रत्येक वेळी कारण विचारतो आणि सुधारणा करतो. तिने त्यातली अकरा वाक्ये पिवळ्या पेनाने रंगवली आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक वापरले. मीटिंगमध्ये म्हणे दोघेजण रडले.

शहेजाद, शमशुद्दीनभाईंचा इंजिनिअर पुतण्या, फक्त विज्ञानकथा. तुल्य वस्तू: नग नव्वद. कारण: बायको दमून आली आहे हे यातील नवरा न सांगता ओळखतो आणि उठून चहा टाकतो. विज्ञान अजून इथवर पोहोचलेले नाही.

आणि खुद्द बापूराव, फक्त लढाया. तुल्य वस्तू: नग सोळा. कारण: नायक एका घराला सात वर्षे वेढा देतो, पत्रे अडवली जातात, फितुरी होते (धाकटी बहीण), शेवटी सन्माननीय तह होतो आणि दोन्ही बाजूंचे लोक एकाच पंगतीला बसतात. बापूरावांनी वर्णन वाचले, मिशीवरून हात फिरवला आणि नमुन्यावर ‘फक्त तपासणीसाठी’ असे लिहून सही केली.

मार्च अखेर आली. दुपारी चारला सभा भरली. सभेला शमशुद्दीनभाई मुद्दाम येऊन बसले होते, आणि सुशीलाबाईंची ती रोजचीच वेळ होती. अभिनवने नमुने एकेक करून लॅपटॉपमध्ये भरले.

“चोवीस,” तो म्हणाला. “आणि बाबांचा हा ‘तपासणीसाठी’ आहे. हा काउंट नाही होत.”

सगळ्यांनी बापूरावांकडे पाहिले. बापूरावांनी पंख्याकडे पाहिले.

“सुभेदारसाहेब,” शमशुद्दीनभाई म्हणाले, “तपासणी दोनदा झाली म्हणतात?”

“रचना सदोष होती,” बापूराव म्हणाले. “तहाचा भाग पुन्हा बघावा लागला.”

“मग वाचलं असं लिहा की!”

पण पोटच्या पोरासमोर, लॅपटॉप उघडा असताना, प्रेमकादंबरी वाचली असे लिहून देणे पलटणीत राहिलेल्या माणसालाही जमण्यासारखे नव्हते. बापूराव पंख्याकडेच पाहत राहिले. पंखा बंद होता.

नागोराव उठले आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवण्यासाठी त्यांनी खिशात हात घातला. नियम तो नियम. हात खिशातून लवकर बाहेर येईना.

तेवढ्यात सुशीलाबाईंनी दुसऱ्या खुर्चीवर बसून एक कोरा नमुना पुढ्यात ओढला आणि नागोरावांचे पेन घेतले.

“सभासद क्रमांक सात कोण?”

क्रमांक सात नागोराव होते. साक्षरता वर्ग संपला तेव्हा ते सभासद झाले होते. मात्र भांडारपालाने स्वतःच्या नावावर माल काढायचा नसतो, म्हणून आजवर त्यांनी एकही पुस्तक घरी नेले नव्हते.

“मी प्रेमकादंबऱ्या वाचत नाही,” नागोराव म्हणाले.

“मग तीन महिने आपण दोघं काय करत होतो?” सुशीलाबाई म्हणाल्या. “मागितलेली वस्तू सांगा.”

नागोरावांनी बराच विचार केला. “नियमपुस्तिका,” ते म्हणाले.

“मोजणी चालू आहे. शिल्लक नाही.” बाईंनी वर न बघता लिहिले. “तुल्य वस्तू: नग दोनशे आठ.”

“तुल्य का, ते लिहावं लागतं.”

“लिहिते आहे ना. यातल्या दोघांना पहिल्या पानापासून सगळं कळलेलं असतं. पण ते कोणत्या नियमात बसतं हे त्या गृहस्थाला सापडत नाही, म्हणून तो रोज वेळेवर कुलूप काढून ठेवतो आणि टोपी नीट करतो.”

वाळूची बादली जागेवर आहे ना, हे शमशुद्दीनभाईंनी वळून पाहिले.

नागोरावांनी सही केली. त्यांच्या सहीला एरवीही वेळ लागतो. त्या दिवशी जरा जास्त लागला.

“पंचवीस,” अभिनव म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

“किती पानं आहेत?” नागोरावांनी विचारले.

“दोनशे बारा. रोज चार पानं वाचलीत तर त्रेपन्न दिवस. जोडाक्षर अडलं तर मी असतेच इथे.”

“आणि संपल्यावर?”

“तीनशे तेरा राहतात की हो.”

तीन कॉम्प्युटर कायद्याच्या कपाटाच्या जागी बसले. कायद्याची पुस्तकेही कोणी नेत नव्हते, पण ती वाचत नाही हे सांगायला कोणी लाजत नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. क्लास दुपारी चारनंतर ठेवावा अशी सूचना आली होती. आवाजाने कामात व्यत्यय येतो, या कारणाने ती फेटाळण्यात आली.

आता एक औपचारिकता राहिली. आपण उपरोधिक कथा मागितली होती. असल्या प्रेमाबिमाच्या गोष्टी आपण वाचत नाही, हे पाहणीत नोंदलेले आहे. परंतु उपरोधिक कथांची मोजणी चालू असल्याने आपणास तुल्य वस्तू देण्यात आली, आणि ती आपण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली दिसते. तरी नमुना क्रमांक नऊवर सही करावी. ‘फक्त तपासणीसाठी’ असे लिहिल्यास सही धरली जाणार नाही. हे वहिनींसाठी घेतले होते असेही सांगू नये. वहिनींनी आपला नमुना मागच्याच आठवड्यात भरून दिला आहे.