डोमाजीभाऊंची उलटी चाल

आमच्या शेजारचे डोमाजीभाऊ उलटे चालतात. गळ्यात कॅमेरा, पाय घराकडे आणि तोंड आलेल्या वाटेकडे, असे ते किराणा दुकानातून परततात. नालीत पडून झालंय, माझ्या उभ्या स्कूटरवर आदळून झालंय. उठले की धूळ झटकत मलाच बजावतात, "पाठ उघडी ठिवाची नाई, मास्तर."

हसू नका. आधी माजरीच्या आमच्या खाण कॉलनीत राहून दाखवा. क्वार्टरच्या मागे खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, त्यावर माजलेली वेडी बाभूळ आणि बाभळीत बिबट. कॉलनीतली कुत्री त्याने कधीच संपवली. आता कोणाची पाळी, हे कोणी बोलत नाही. मागच्या अंगणातला टॉवेल आणायलासुद्धा मी बायकोला सोबत नेतो. भेव वाटतं तर वाटतं, त्यात लाजायचं काय?

डोमाजीभाऊ तर माझ्याहून भित्रे. मांजर आडवं गेलं तरी यांचा हात छातीवर. खाणीत पंपावर जन्म काढलेल्या या माणसाला रिटायर झाल्यावर बिबट्याचे फोटो काढायचं खूळ लागलं. जावयाचा जुना कॅमेरा आणि थरथरते हात, मग फोटो काय येणार? कधी भिंतीवरून लोंबणारी शेपूट, कधी पाण्याच्या टाकीखाली पिवळट काहीतरी. ते सगळं कॉलनीच्या ग्रुपवर येतं. उन्हाळ्यातल्या फोटोंत तर खालच्या कोपऱ्यात हमखास अर्धी टोपली आणि लुगड्याचा काठ. लोक विचारतात, भाऊ, यातला बिबट कोणता? भाऊ पुढचा फोटो टाकतात.

लुगडं त्यांच्या बायकोचं, पार्बताबाईंचं. बाई ब्रह्मपुरीकडच्या जंगलातल्या गावच्या. उन्हाळ्यात मोहफुलं पडायला लागली की उजाडताना टोपली घेऊन कॉलनीच्या तारेपलीकडच्या मोहाखाली जाणार म्हणजे जाणार. मागोमाग भाऊ, अर्थात उलटे, आणि झाडाखाली पोचले की बाईंभोवती फिरत फोटो काढणार.

यंदा एका सकाळी टाकीवरची वांदरं एकदम ओरडायला लागली. मी खिडकी उघडली. तारेजवळच्या ढिगावर बिबट दबा धरून बसलेला. खाली पार्बताबाई वाकून निवांत फुलं वेचताहेत, आणि त्यांच्याकडे पाठ करून भाऊ उभे. मी ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. भाऊंचे पाय लटलट कापत होते, इथून दिसत होतं. पण ते हलले नाहीत. एक हात मागे नेऊन त्यांनी बायकोचा दंड धरला, तिला सरळ उभं केलं आणि दुसऱ्या हाताने फ्लॅशवर फ्लॅश मारत राहिले. शेवटी बिबट उठला आणि बाभळीत शिरला. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. ओंजळीतली फुलं सांडली म्हणून त्या भाऊंनाच झापत होत्या.

दुपारी मी भाऊंना घरी बोलावलं आणि चांगलाच तडकलो. बाईंना घरी बसवायचं सोडून फोटो कसले काढता? भाऊंनी चहा बशीत ओतला.

"तिले आयकू येत नाई, मास्तर. मोठा ताप आला होता, तवापासून. वांदरं ओरडली तरी तिले समजत नाई. अन् वाकलेलं माणूस जनावराले लहान दिसते. राखण कराले येतो म्हटलं तर ती मले हाकलून देईन. म्हणून हा कॅमेऱ्याचा बहाना."

"मग दुकानातून येताना काऊन उलटे चालता?"

"फक्त तिच्याच मागं तसा चाललो, तर वळखन ना ती."

निघताना भाऊंनी माझा हात धरला. बिबट आज एवढा जवळ आला होता, हे बाईंना सांगू नका म्हणाले. "जाणं सोडून देईन ती. कान गेले तसं घरात बोलणंच टाकलं तिनं. मोहाखाली तेवढी गाणं म्हणते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मागचं दार उघडलं. मोहाखालून बाईंचं गाणं येत होतं. सूर कुठल्या कुठे, पण भाऊंची मान तालावर हलत होती. स्वतःला शिव्या देत मी काठी घेतली आणि तार ओलांडून त्या दोघांसमोर जाऊन उभा राहिलो.

"तोंड तिकडं करा, मास्तर," भाऊ हळूच म्हणाले. "तुमची पाठ उघडी हाये."