अत्तार सरांचे विभाग

शाळेने स्काउट बंद केलं, तो शनिवार होता. मुख्याध्यापकांनी सूचनावही फिरवली, आम्ही सह्या केल्या, शिपायाने घंटा दिली.

अत्तार सरांच्या सहीची गरज नव्हती. ते तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. शनिवारी सकाळी मैदानावर यायचे ते आपल्या हौसेने. तरी त्यांनी वही मागून घेतली, चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि मुख्याध्यापकांच्या केबिनकडे बघत मला म्हणाले, "साळवे, ह्यांचं कब राहिलंय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. आमच्या अख्ख्या गावाला ते पाठ होतं.

ज्यांना स्काउटची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात वयाप्रमाणे विभाग असतात. अगदी लहान ते बनी, प्राथमिक शाळेतले कब, त्यापुढचे स्काउट आणि कॉलेजच्या वयाचे रोव्हर. मुलींचे बुलबुल, गाईड आणि रेंजर. पुस्तकात एवढंच आहे. सरांनी त्यावर स्वतःचं भाष्य रचलं होतं. "बनीत माणूस हसायला शिकतो. कबमध्ये ऐकायला. स्काउटमध्ये वाट शोधायला. आणि रोव्हरमध्ये दुसऱ्याचं ओझं उचलायला. ह्यातला एकही विभाग गाळून पुढं जाता येत नाही. गाळला, तर तो कधी ना कधी फुटून निघतोच."

त्यामुळे सरांच्या जगात माणसाला जात, पक्ष, पगार, हुद्दा यांतलं काहीही नव्हतं. विभाग होता. सव्वीस जानेवारीला पाऊण तास भाषण करून मुलांना उन्हात उभं ठेवणाऱ्या पाहुण्यांचं कब राहिलेलं होतं. नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात मोठ्या पदावर असलेला सरांचा भाचा स्वतः रिकाम्या हाताने पुढे चालायचा आणि त्याची आई पिशव्या घेऊन मागून यायची. त्याचं रोव्हर राहिलेलं होतं. एकदा तपासणीला आलेले साहेब दिवसभरात एकदाही हसले नाहीत. ते गेल्यावर सर हळहळले. "ह्या माणसाचं तर बनीपासून राहिलंय हो. आता कुठून सुरुवात करायची?"

त्यांच्या हळहळीत थट्टा नसे. लोक हसत, सर हसत नसत.

मी शाळेचा ग्रंथपाल. माझंही निदान त्यांनी फार पूर्वी करून ठेवलं होतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरात शिबिर होतं, आणि पुस्तकांतला माणूस म्हणून नकाशा माझ्या हातात दिला होता. मी सगळ्या पथकाला घेऊन तासाभराने एका भातखाचराच्या मधोमध पोचलो. पुढे रस्ता नव्हता. चिखल होता, आणि चिखलात उभा एक म्हातारा आमच्याकडे बघत होता.

"नकाशात इथे ओढा आहे," मी म्हणालो.

"आसंल," म्हातारा म्हणाला. "पन वढ्याला ते म्हाईत न्हाई."

सरांनी चिखलातून बूट उपसत मला सांगितलं, "तुमचं स्काउट राहिलंय, साळवे. वाचून झालं म्हणजे पोचलो, असं तुम्हाला वाटतं."

दिसायला सर उंच आणि वाळके होते. मधे कधीतरी गणवेशाचा रंग बदलला, पण सरांनी जुना खाकी सोडला नाही. गणवेश नसेल त्या दिवशीही गळ्यात स्कार्फ असे. लग्नाला, मशिदीत, दवाखान्यात. रोज एक सत्कृत्य करावं असा स्काउटचा नियम आहे. ते विसरू नये म्हणून सर सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारत, आणि काम झाल्यावरच ती सोडत. आमच्या गावातली जाणती माणसं सरांना बघितल्यावर आधी स्कार्फचं टोक बघत. गाठ असली की पलीकडच्या बाजूने जात.

कारण सरांची मदत झेलणं सोपं नव्हतं. एकदा स्टँडवर नगरची एसटी लागली होती. दाराशी एक बाई जोंधळ्याचं पोतं खाली ठेवून घाम पुसत उभी होती. सरांनी काही न विचारता पोतं उचललं आणि गाडीत चढवलं. कंडक्टरने घंटी मारली.

बाई ओरडली, "अवो बाबा, काय केलंसा! मी आत्ताच उतरले की हिच्यातनं!"

पोतं नगरला गेलं. सर मागच्या गाडीने त्याच्यामागे गेले, संध्याकाळी ते घेऊन परत आले, आणि सायकलवर घालून बाईच्या वस्तीवर पोचवून आले. मी म्हणालो, "चला, आज तर दोन सत्कृत्यं झाली." सर गंभीरपणे म्हणाले, "एकही नाही. ही माझ्याच चुकीची भरपाई." त्या दिवशी गाठ तशीच राहिली.

दोर घ्यायला ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जायचे. दुकानातला नायलॉन त्यांना चालत नसे. एकदा मी बरोबर होतो. एक व्यापारी खुंट्याला म्हैस बांधत होता. सर थांबले.

"पाव्हणं, ही गाठ सुटंल."

"मास्तर, म्हैस हाय ती. तंबू न्हाई."

"तरी सुटंल."

"माझ्या आज्यापास्नं हीच गाठ हाय. आज्या गेला, बाप गेला. म्हैस न्हाई गेली."

सरांनी खिशातून दोरी काढली आणि उकिडवे बसून, एकेक पदर समजावत, बोलाईन नावाची गाठ बांधून दाखवली. मुलांना ती शिकायला दोन शनिवार लागायचे. व्यापाऱ्याने मान वाकडी करून बघितलं.

"ह्येच तर बांधलंय की मी! तुमी उगं लई येरझारा घालताय." आणि त्याने म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता, दुसऱ्या हाताने, न बघता ती बांधली.

सरांनी त्याला ती चारदा बांधायला लावली. मग उठले, पँटचे शेणाने भरलेले गुडघे झटकले, टाचा जुळवल्या आणि तीन बोटांचा कडक सॅल्यूट ठोकला.

"आता ह्ये काय?"

"तुमचं स्काउट पुरं झालंय."

"आसं? मग म्हशीचा भाव वाढवून मागू का?"

परतताना सर खूश होते. "बघितलंत, साळवे? कुणी शिकवलं नाही, तरी पुरं झालं." नंतर त्यांनी खिशातली दोरी काढली, अर्धी गाठ मारली आणि ती तशीच हातात धरून डोळे मिटले. मला वाटलं, दमले असतील.

तर तो शनिवार. स्काउट बंद करणारे आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. स्काउटचं प्रशिक्षण घ्यायला नवा कुणी शिक्षक तयार नव्हता, पालकांना त्या वेळात शिष्यवृत्तीचा वर्ग हवा होता आणि स्काउटच्या खोलीत संगणक यायचे होते. त्यांचंही बरोबर होतं. सरांनी त्यावर वाद घातलाच नाही. त्यांचा एकच प्रश्न होता. पाचवीतली चार मुलं कबमधून स्काउटमध्ये जायची राहिली होती. त्यांचं काय?

"सर, चार मुलांसाठी?" मुख्याध्यापक म्हणाले. "त्यांना प्रमाणपत्रं देऊन टाकू."

"अर्ध्यात सोडलेलं पोर अर्ध्यातच राहतं, साहेब. ते कबही नाही आणि स्काउटही नाही. मला फक्त पुढचा शनिवार द्या. चार पोरं पलीकडं पोचवतो आणि किल्ली तुमच्या टेबलावर आणून ठेवतो."

साहेबांनी प्रार्थनेआधीचा अर्धा तास दिला.

कबमधून स्काउटमध्ये जाण्याची एक जुनी रीत आहे. मैदानावर फक्कीची रेषा मारतात. अलीकडे कब, पलीकडे स्काउट. ज्याचं वय झालं तो कब आपल्या सोबत्यांचा निरोप घेऊन रेषा ओलांडतो आणि पलीकडे मोठी मुलं हात मिळवून त्याला आपल्यात घेतात. पलीकडून घेणारं कुणीतरी लागतंच. नुसती रेषा ओलांडून काही होत नाही.

आठवी-नववीची सहा मुलं स्काउटमध्ये उरली होती. तो सगळा आठवडा सर सायकलवर त्यांच्या घरी फिरले. सगळी "येतो सर" म्हणाली. सरांच्या बायकोने, आम्ही त्यांना भाभी म्हणतो, मुलांना वाटायला शिरखुर्मा केला. ईद नव्हती. "हे म्हणाले, आज चार पोरं मोठी होणार, मग मी केला," त्या म्हणाल्या.

शनिवारी साडेसहाला मी गेलो तेव्हा रेषा मारून झाली होती. चारही मुलं इस्त्रीच्या गणवेशात अलीकडे उभी होती. पलीकडे कुणी नव्हतं. पावणेसात झाले. मग एका मुलाच्या वडिलांचा सरांना फोन आला. सहाही मुलं नगरला गेली होती. क्लासची टेस्ट अचानक लागली होती.

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. चौघांतला एक अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, तिकडं तर कुणीच न्हाई. मग आमी जायाचं कुणाकडं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "साळवे, तुम्ही व्हा पलीकडं."

"मी? सर, मी कधी स्काउट नव्हतो."

"मी तरी कुठं होतो?" सर म्हणाले.

मला वाटलं, माझा संकोच घालवायला म्हणताहेत. पण ते रेषेकडे बघून बोलत होते, हळू, मुलांना ऐकू जाणार नाही असं. "ह्यांच्याएवढा होतो तेव्हा नगरला गॅरेजमध्ये होतो. दिवसा पाने धुवायचे, रात्री शाळा. कब नाही, स्काउट नाही, रोव्हर नाही. नोकरी लागली, शाळेला कुणीतरी स्काउटमास्तर पाहिजे होता, मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. एकदम मास्तरच झालो. माझं सगळंच राहिलंय, साळवे. म्हणून तर दुसऱ्याचं लगेच दिसतं." मग आवाज चढवून म्हणाले, "चला, वेळ जातोय. व्हा पलीकडं!"

मी रेषा ओलांडून उभा राहिलो. एकेक मुलगा आला. स्काउटमध्ये डावा हात मिळवतात. पहिल्याला मी उजवा दिला, त्याने तो नाकारला आणि कुजबुजला, "डावा, सर, डावा." पुढच्या तिघांना मी बरोबर घेतलं. मुलांचे हात घामेजलेले होते. चौघं माझ्या बाजूला ओळीत उभे राहिले आणि आम्ही पाचही जण समोर बघायला लागलो.

अलीकडे आता अत्तार सर एकटेच होते.

"सर, तुमी पन या की हिकडं," तोच मुलगा म्हणाला.

सर रेषेजवळ आले. त्यांनी स्कार्फ नीट केला, टाचा जुळवल्या. माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं निदान करायला नव्हे. निवृत्त झालेला तो माणूस, मुलं उभी राहिली होती तसा, दोन्ही हात मांडीला लावून उभा होता.

मी हात पुढे करायला हवा होता. मला रीत माहीत होती. कोणता हात, तेही आता माहीत होतं. पण मुलं बघत होती, ऑफिसच्या खिडकीतून मुख्याध्यापक बघत होते, आणि मला वाटलं, बरं दिसणार नाही. वाटलं, सरांनाच अवघडल्यासारखं होईल. मी असा विचार करत होतो तोवर शिपायाने घंटा दिली.

"झालं," सर म्हणाले. "चार पोचले." त्यांनी बुटाने फक्कीची रेषा पुसली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि किल्ली द्यायला ऑफिसकडे गेले. शिरखुर्मा आम्ही स्टाफरूममध्ये खाल्ला. सरांनी घेतला नाही, साखर वाढली आहे म्हणाले.

त्यानंतर सर शाळेत आले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. ते त्या सकाळबद्दल काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. पावसाळा संपता संपता त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं, आणि चार दिवसांनी ते गेले. मातीला मी होतो. रेषा ओलांडलेल्या चौघांपैकी तिघं आली होती, शाळेच्या कपड्यांत. भाभी मला म्हणाल्या, "साळवे भाऊ, तुमचं नाव फार घ्यायचे. म्हणायचे, साळवे होते म्हणून पोरं पोचली." मी मान हलवली.

स्काउटच्या खोलीत आता संगणक आहेत. शिष्यवृत्तीचा वर्ग चालू आहे आणि निकाल चांगला लागला. मुख्याध्यापकांना विचारून मी शनिवारी सकाळी साडेसहाला मैदानावर जातो. आधीच्या शनिवारी दोन मुलं आली होती. काल कुणी आलं नाही. मी सात वाजेपर्यंत थांबलो.