सिंहाच्या गुहेत नवा माईक

एका जंगलात, बाळांनो, मीटिंगची एक गुहा होती. गुहा लांबच लांब. एका टोकाला सिंहमहाराज बसत, दुसऱ्या टोकाला हरणं. महाराज काय बोलतात ते हरणांना कधीच ऐकू येत नसे. पण पुढचे माना हलवत, म्हणून मागचेही हलवत. कोल्हा सेक्रेटरी होता. तो लगेच लिहून टाकी, 'सर्वानुमते मंजूर.'

कारभार झकास चालला होता. मग महाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले आणि तिथल्या गुहेतली नवी यंत्रं बघून बेचैन झाले. आपल्याकडेही तसं काहीतरी हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. खरेदीचं काम त्यांनी सशावर सोपवलं. चुकलास तर तुला खाईन, एवढंच म्हणाले.

ससा बिचारा सरळमार्गी. तो सगळ्यांना विचारत सुटला. मोराला पिसारा मावेल एवढा स्क्रीन हवा होता. अस्वलाला मऊ खुर्ची हवी होती, आणि ती या यादीत येत नाही हे त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. माकड विक्रेता होता. त्यानं डेमो दिला. डेमोत 'हॅलो, हॅलो' याखेरीज काही नव्हतं, तरी सगळे भारावून गेले. ससा मात्र शेवटच्या रांगेत जाऊन बसला. ज्या माईकचा आवाज तिथवर नीट आला, तोच त्यानं घेतला. मला विचाराल तर त्या गुहेत अक्कल त्या एकट्यालाच होती.

सोमवारी मीटिंग भरली. कोल्ह्यानं मागचं इतिवृत्त वाचलं.

"दर सोमवारी महाराजांच्या जेवणाला एक हरीण. सर्वानुमते मंजूर."

एक म्हातारी हरणी उठली.

"अहो, हे आम्ही कधी मंजूर केलं? आम्हाला वाटलं, गवताचं काहीतरी चाललंय."

महाराज थक्क झाले. आजवर त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. जेवण तहकूब झालं आणि चौकशी समिती बसली. माईक सदोष आहे, असा तिनं अहवाल दिला, कारण तो चालू केला की सभासद विरोध करतात. अहवालावर हरणांनीही सही केली. माईकमुळे त्यांना मीटिंगमध्ये डुलकी काढता येत नव्हती.

सशाला महाराजांची धमकी आठवली. त्यानं धावतपळत माईक परत केला आणि भिंतीएवढा स्क्रीन आणला. आवाज अजिबात नाही. पुढच्या सोमवारी त्यात महाराजांची आयाळ अशी काही दिसली, की सगळे बघतच राहिले. रिमोट घेऊन ससा अगदी मागे, हरणांशेजारी बसला होता. स्क्रीनवर महाराजांचे ओठ हलले. पुढच्यांनी माना हलवल्या. हरणांनी हलवल्या. आपलं सामान पसंत पडलं असं समजून सशानंही खुशीत हलवली.

कोल्ह्यानं लिहिलं, 'हरणं नाराज आहेत, तेव्हा आज ससा. सर्वानुमते मंजूर.'

तात्पर्य: मीटिंगच्या खोलीसाठी नेहमी मोठा स्क्रीन घ्यावा. आवाज नीट आला की मतभेद होतात आणि महाराज उपाशी राहतात.