माघार वर्ज्य

"शिडीच चढायची होती तर कचेरीत कशाला चिकटलो? रंगारी झालो असतो!"

हे उद्गार मृणालिनीबाईंच्या बरोबर डोक्यावर निघाले. दत्ताराम गळ्यात डब्याची पिशवी अडकवून वरच्या पायरीवर पोचले होते आणि बाई खाली शिडीचा पाय धरून उभ्या होत्या. त्या आठवड्यात शिडी धरण्याची पाळी त्यांची होती. अशा वेळी अध्यक्षांच्या बायकोने खोकायचे असते. त्या खोकल्या.

मुलुंडच्या उन्नती सहकारी गृहरचना संस्थेला शिडी का लागली, ते नीट सांगायला हवे. जवळच्या तबेल्यातल्या म्हशी आवारात शिरून पापड-कुरडयांच्या वाळवणात तोंड घालत, म्हणून सर्वानुमते भिंत बांधण्याचे ठरले. सर्वानुमते म्हणजे, जेवणवेळ झाली होती आणि हात वर केल्याशिवाय सभा सुटत नव्हती. भिंत नकाशाबरहुकूम झाली. नकाशात फाटक नियोजित रस्त्यावर होते, तिथेच ते बसले. नियोजित रस्ता तेवढा बसायचा राहिला होता. फाटक उघडले की समोर मिठागराचा चिखल, मांडीएवढा. आणि जिथून माणसे इतकी वर्षे बाजारात, दवाखान्यात, स्टेशनावर जात, तिथे पुरुषभर उंचीची दगडी भिंत. म्हशी आता फाटकातून येत. चिखलाचे त्यांना काही वाटत नसे.

संस्थेचे अध्यक्ष मार्तंडराव हे सचिवालयातून निवृत्त झालेले. "ठराव झाला तो झाला," ते म्हणाले. "आता पाडायची म्हणजे माघार. माघार म्हणजे काय? तर लढाईतून पळणे. आपली संस्था लढाईत नाही. सबब तिला माघार घेताच येत नाही."

हा युक्तिवाद इतका कायदेशीर होता की कोणालाच समजला नाही. म्हणून तो मंजूर झाला.

मृणालिनीबाईंना मात्र आश्चर्य वाटले नाही. हाच माणूस एकदा चुकून कर्जतच्या गाडीत बसला होता. पुढच्या स्टेशनावर उतरून परत येण्याऐवजी तो थेट कर्जतला गेला, तिथे एक लांबचा मावसभाऊ शोधून काढला आणि त्याच्याकडे मुक्काम ठोकून आला. "ठरवूनच गेलो होतो," असे आल्यावर सांगितले. बाईंनी तेव्हाही मान डोलावली होती. बाकी एक बारीकशी खंत त्यांच्या मनात होती. त्यांच्या गावी लेक माहेरी आली की 'माघारी आली' म्हणत. ज्या शब्दाने लेकी घरी येतात, तो यांना एवढा का बोचावा?

तर शिड्या आल्या. एक भिंतीच्या आत, एक बाहेर. मग शिडी उपसमिती आली. चिटणीस नंदकिशोर हा उत्साही तरुण. त्याने नियम केले. शिडीवर चढलेल्याने मध्येच परत फिरू नये. एकदा भिंतीच्या माथ्यावर दूधवाला आणि दत्ताराम समोरासमोर आले. नियमाप्रमाणे कोणालाच फिरता येईना. उपसमितीची सभा भरेपर्यंत दोघे भिंतीवर बसून राहिले आणि दूध नासले.

पुढे मार्तंडरावांच्या लक्षात आले की लोक शिडी उतरताना पाठ बाहेर करून, उलटे उतरतात. उन्नतीच्या सभासदाने उलटे? "तोंड पुढे ठेवूनच उतरावे," असा ठराव झाला. प्रात्यक्षिक अध्यक्षांनी स्वतः दाखवले. ते शिडीशेजारी दत्तारामांच्या बायकोने, मालनने, लावलेल्या अळूच्या वाफ्यात जाऊन बसले. नंदकिशोरने अहवालात लिहिले, 'अध्यक्षांनी अळूची समक्ष पाहणी केली.'

लोक शिडीविषयी खूप बोलत. पायऱ्या कमी आहेत, बांबू कच्चा आहे, बायकांसाठी निराळी हवी. भिंतीविषयी कोणी चकार शब्द काढत नसे.

दत्तारामांची लेक प्रेमा पहिल्या बाळंतपणाला आली होती, भिंत होण्याआधी. आता दिवस भरले होते. डॉक्टरीणबाईंनी शिडीवरून येऊन तपासले आणि बजावले, "मूल आडवं आहे. कळा लागल्या की ताबडतोब दवाखान्यात आणा. घरी काही करायला जाऊ नका."

कळा रविवारी दुपारी लागल्या. मालनने लेकीला धरून भिंतीपर्यंत आणले आणि खुर्चीत बसवले. प्रेमाने मृणालिनीबाईंचा हात घट्ट धरला. बाईंच्या बांगड्या मनगटात रुतल्या. सगळी संस्था भोवती जमली.

"कप्पी लावू!" नंदकिशोर म्हणाला. "खुर्चीला दोर बांधून वर ओढायचं. मी आराखडाही—"

"खुर्चीचं तोंड कुठे?" मार्तंडरावांनी विचारले.

"पुढेच, साहेब."

"मग हरकत नाही. तातडीची सभा समजा. अनुकूल असतील त्यांनी..."

"माज्या चेडवाक दोरयेन वर ओढतलास?" मालन कडाडली. "गोणी आसा ती?" मग नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमी तरी बोला मां कायतरी!"

दत्ताराम शिडीचा बांबू हलवून बघू लागले. कोणी म्हणाले दोर जाड हवा, कोणी म्हणाले चिखलातून बैलगाडी जाईल का बघा. दोन-चार हात सवयीने अर्धे वर गेलेही होते. प्रेमा ओरडली. मग तिचा आवाजही बसला, नुसते कण्हणे उरले.

"अहो," मृणालिनीबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "भिंत चुकलीय."

"काय म्हणालीस?"

"भिंत चुकलीय. पहिल्या दिवशी चुकली, ती आजपर्यंत चुकतेच आहे. पाडा ती."

मार्तंडरावांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्यांनी तोंड उघडले, पण या वेळी कर्जतसारखी सबब काही सुचेना. आणि मग सगळ्या संस्थेने एकदम सुटकेचा निःश्वास टाकला. माना अध्यक्षांकडे वळल्या. बघा, या माणसापायी! दत्तारामांनीसुद्धा डोळे वटारले.

"त्यांच्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "ते काय गवंडी आहेत? हात तुम्ही सगळ्यांनी वर केले होते. मीही केला होता, घरी भाजी करपत होती म्हणून. आता ते हात खाली घ्या, आणि पहार उचला."