चाळीस नंबरचं तेल

मोटारीतलं कळणारा अख्ख्या पलूसात एकच माणूस, अशी आकारामची ख्याती होती आणि ती त्यानं स्वतःच पसरवली होती. लढाईची पाच वर्षं तो मिसरात, म्हणजे इजिप्तात, पलटणीच्या मोटार कंपनीत होता, हे खरं. त्या कंपनीचा तो लांगरी होता, दोनशे माणसांच्या पुऱ्या तळत होता, हेही खरं. पण शेचाळीस साली परत आल्यावर पहिली गोष्ट त्यानं गावाला सांगितली आणि दुसरी फक्त बायकोला.

खोटं तो बोलला नव्हता. "मोटार कंपनीत हुतो," एवढंच म्हणायचा. पुढचं लोक आपापल्या मनानं भरत. गाडी हाकायला त्याला येतही होती, कारण एका ड्रायव्हरनं जादा पुऱ्यांच्या बदल्यात शिकवली होती. फक्त बॉनेटाखाली काय असतं हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

लढाईत गुळाला भाव आला आणि पलूसच्या भाऊसोंनी लष्कराच्या लिलावात एक जुनी मोटार उचलली. ड्रायव्हर म्हणून आकारामला ठेवलं, पण कच्चा.

"वैशाखात वाईला जायाचं, आमच्या पोरासाठी मुलगी बघायला," भाऊसो म्हणाले. "त्या उन्हात गाडी धड पोचवलीस तर कायमचा डायवर. न्हाई पोचली तर हाईसच की थोरल्या भावाच्या उसाला पाणी पाजायला."

आकारामची बायको अंजना जावेच्या हाताखाली कावली होती. नोकरी पक्की झाली की भाऊसोंच्या आवारातली खोली मिळणार, वेगळी चूल मांडता येणार, म्हणून ती रोज देवाला आणि आकारामला दोघांनाही बजावत होती.

निघायच्या आधी इंजनाचं तेल बदलायचं ठरलं. त्यासाठी भाऊसो आणि आकाराम सांगलीला गेले. दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले.

"उन्हाळ्याला हे चाळीस नंबर, घट्ट. हे वीस नंबर, पातळ. ते थंडीत वापरा."

"वैशाखात घट्ट?" भाऊसोंना हसू आलं. "आवं, वैशाखात आमी ताक सुदीक पातळ पितो."

"साहेब, इंजन तापलं की तेल आपसूक पातळ होतं. आधीच पातळ घातलंत तर त्याचं पाणी होईल."

"इकता तुमी तेल, पर ताक काय प्याला न्हाईसा जनू," भाऊसो म्हणाले, आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना ते एकदम पटलं. "आकाराम, तू सांग. मिसरात काय घालत हुता?"

सगळे आकारामकडं बघायला लागले. त्यानं दोन्ही डब्यांत बोट बुडवलं, वास घेतला आणि ते जिभेला लावलं. कुठलं तेल कढईत टिकेल हे तो लंगरात असंच ठरवायचा. गिऱ्हाइकांना मात्र ही लष्करी विद्या वाटली. आकारामच्या जिभेला दुकानदाराचं म्हणणं पटलं होतं. पण नोकरी दुकानदाराच्या हातात नव्हती.

"पातळ," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी पहाटे भाऊसो, त्यांची आई मनुबाई आणि आकाराम निघाले. मनुबाईंच्या मांडीवर दोन शेर एरंडेलाचा डबा होता. होणाऱ्या सुनेच्या केसांसाठी त्यांनी तो घरी कढवला होता. कऱ्हाडपर्यंत गाडी गुमान आली. उंब्रज गेलं, ऊन तापलं आणि इंजनात जात्यात खडा सापडावा तसा आवाज सुरू झाला. तेलाच्या दाबाचा काटा उतरत उतरत तळाला टेकला. नागठाण्याजवळ गाडी थांबली.

आकारामनं बॉनेट उघडलं आणि एखाद्या परक्या घरात शिरल्यासारखा तो आत बघत राहिला. त्याला खोली दिसत होती, तिला कुलूप लागताना दिसत होतं आणि अंजनाचं तोंड तर स्वच्छ दिसत होतं.

मनुबाई खाली उतरल्या. त्यांनी इंजनापुढं लांबूनच हात धरून धग बघितली.

"ह्याच्या डोस्क्यात उष्णता चढलीया. एरंडेल घाला."

"आय, ती मोटार हाय," भाऊसो म्हणाले.

"मग माणसागत तापती कशाला? का रं आकाराम, मिसरात घालत हुता का न्हाई?"

"घालत हुतो की आयसाब," आकाराम म्हणाला. मिसरात एरंडेल जवानांचं पोट साफ करायला देत, तेवढ्यापुरतं ते खरं होतं.

तासभर गाडी निंबाखाली निवू दिली आणि मग सगळा डबा इंजनात ओतला. गाडी सुरू झाली. खडखड थांबली, काटा वर आला. एरंडेल चांगलं घट्ट असतं, त्यामुळं इंजनाला धरायला काहीतरी मिळालं होतं. पण भाऊसो वाईपर्यंत आईच्या थंडाव्याचंच कौतुक करत राहिले.

निळा धूर सोडत गाडी वाईत शिरली तेव्हा घाटावरच्या भटजींनी नाकाला उपरणी लावली. मुलीचे वडील, सुभेदार मानसिंग, काय पेटलंय ते बघायला बाहेर आले. त्यांची नजर धुरावरून आकारामवर गेली आणि तिथंच थांबली.

"आरं, हा तर आमच्या कंपनीचा लांगरी! आकाराम पुरीवाला!"

"लांगरी?" भाऊसो गाडीतून अर्धे उतरले होते, ते तसेच राहिले. "डायवर न्हाई व्हय?"

"डायवर लय हुते. असल्या पुऱ्या करणारा सबंध मिसरात हा एकला. चल रं गड्या, आत चल. बोलणी मागनं."

आकारामला कृष्णेत उतरून तसंच पलीकडं निघून जावंसं वाटलं. पण सुभेदारांनी त्याला धरून चुलीपुढं बसवलं. मग जे व्हायचं ते झालं. पुऱ्या टम्म फुगल्या, सुभेदार जुन्या आठवणींनी गहिवरले, भाऊसोंनी मोजायचं सोडून दिलं आणि संध्याकाळपर्यंत लग्न ठरलं.

"गाडी पोचली, म्हंजी शबुद पाळाय पायजे," परत निघताना भाऊसो म्हणाले. "नोकरी कायमची. पर चाकावर न्हाई, चुलीवर."

अंजनाला खोली मिळाली, तिची काही तक्रार नव्हती. पुढच्या वैशाखाआधी खंडाळ्याचा गुंडा नावाचा नवा ड्रायव्हर आला. त्यानं सांगलीहून दोन्ही डबे आणून भाऊसोंपुढं ठेवले. आकाराम हात पुसत सोप्यात आला, त्यानं दोन्ही डब्यांत बोट बुडवलं, वास घेतला, जिभेला लावलं. आता नोकरीला धोका नव्हता, खरं बोलायला काही हरकत नव्हती.

"भाऊसो, घट्ट घाला," तो म्हणाला.

भाऊसोंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"लांगऱ्याला मोटारीतलं काय कळतंय? गुंडा, पातळच घाल. आन् जाताना आयकडनं एरंडेलाचा डबा घेऊन ठेव."