ढबीचं वजन

ढबीला काही केल्या शू होईना, आणि केंद्रात जायची वेळ तर होत आली होती.

इस्त्रीवालीनं तिला मोरीत धरलं, नळ सोडला, ओठ दुखेपर्यंत 'शूऽऽ' केलं. ढबीला वाटलं, आई खेळतेय. तीही आईच्या तोंडाकडे बघून 'शूऽऽ' करू लागली.

"कर गं माझी बाई! तेवढीच हलकी होशील!"

हलकं होणं भागच होतं. ढबी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून पोषण केंद्रानं तिचं नाव घातलं होतं. दर मंगळवारी वजन व्हायचं. अंडी, डाळ, दुधाची पावडर मिळायची. ते पोरीच्या अंगी लागलं. काट्यामागे बसणाऱ्या बाईंना सगळ्या आया वजनताई म्हणत. त्या मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी रेघ ओलांडणार बघ. मग सुटलीस!"

इस्त्रीवालीला तेच नको होतं. अंडी बंद होतील हे तर होतंच. पण मूल हातात परत देताना वजनताई प्रत्येक आईला विचारत, "आणि तू जेवलीस का गं?" नवरा दूर रस्त्याच्या कामावर, त्याचा फोन आला की तो विचारायचा, ढबी जेवली का. गिऱ्हाइकं विचारायची, शर्ट झाला का. तिची आई गेल्यापासून तिच्या जेवणाची चौकशी करणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि ते फक्त मंगळवारी भेटायचं.

शेवटी ती तशीच निघाली. रांगेत नंबर जवळ आल्यावर तिनं ढबीचे सगळे कपडे उतरवले. काट्यावर जाण्याआधीच ढबीच्या अंगावर काटा आला.

मागे बिस्किटांच्या कारखान्यात कामाला असलेली बिस्किटवाली उभी होती. कडेवर तिचा बारकुडा मुलगा, काडी.

"अगं, गारठवून मारतेस का पोरीला?" असं म्हणत तिनं काडीचं जाकीट काढून ढबीला चढवलंसुद्धा. "असू दे, ह्याला आत स्वेटर आहे."

"नको गं! आणि केवढं जड आहे हे!"

"सासूबाईंनी शिवलंय. त्यांचं काहीच हलकं नसतं."

तेवढ्यात हाक आली.

"ताई, जाकीट काढते हं—"

"राहू दे, थंडी आहे. साहेब आलेत पाहणीला, आटप लवकर."

ढबी काट्यावर बसली. काटा रेघ ओलांडून असा काही पळाला की वजनताईंनी चष्मा पुसला. "अगं, एका आठवड्यात किलोभर?"

"वा!" साहेब पुढे आले. "ह्याला म्हणतात काम! फोटो काढा!" त्यांनी ढबीला उचलून छातीशी धरलं.

सकाळपासून अडलेलं काम ढबीनं तिथं उरकलं.

साहेबांनी दचकून तिला लांब धरलं. त्या हिसक्यात जाकिटाचं अस्तर उसवलं आणि एक बटाटा बदकन खाली पडला. त्याच्यामागे दुसरा. तिसरा घरंगळत बाकाखाली गेला.

मग बिस्किटवालीनं कपाळावर हात मारला. "सासूबाई! काडीचं वजन भरलं नाही की बोलणी त्यांना बसतात ना!"

सगळ्या आया खो खो हसू लागल्या. "शर्ट द्या साहेब," इस्त्रीवाली पुटपुटली, "धुऊन कडक इस्त्री करून देते."

वजनताईंनी ढबीला उघडी करून पुन्हा काट्यावर बसवलं. बटाट्यांवाचूनही तिनं रेघ ओलांडली होती. आयांनी टाळ्या वाजवल्या आणि इस्त्रीवालीला रडू फुटलं.

"अगं, आनंदाची गोष्ट आहे! आणि पोरीला उघडी का केली होतीस?"

"वजन कमी भरावं म्हणून." तिनं नाक पुसलं. "तुम्ही विचारता ना, जेवलीस का म्हणून. आता कोण विचारणार?"

वजनताईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तू दर वेळी 'हो' म्हणतेस. काय जेवतेस?"

"ढबीचं उरलं की ते."

"ढबीचं काही उरतं?"

इस्त्रीवालीनं मान खाली घातली.

"चढ मोठ्या काट्यावर."

ती चढली. काटा थोडा हलला आणि थांबला.

"झालं तर! पोरीचं नाव काढलं, आता आईचं घालते. अंगावर पाजतेस तोवर तुलाही मिळतं. ही घे आजची अंडी, आणि ये मंगळवारी. पण वजन वाढवून यायचं हं."

घरी ढबी झोपल्यावर तिनं अंडी उकडायला काढली. भराभर वजन वाढलं तर आपलंही नाव निघायचं, असा हिशेब करून भांड्यात एकच ठेवलं. सोलून, मीठ लावून उभ्याउभ्या पहिला घास घेतला आणि मग ती हळूच खाली बसली. ते कधी संपलं, तिला कळलंही नाही.

रिकाम्या ताटलीकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग उठली आणि भांड्यात आणखी दोन सोडली.