धनाभाऊचा पांढरा टॉवेल

धनाभाऊच्या डाव्या खांद्यावर पांढरा टॉवेल नाही, असा दिवस मी गेल्या बारा वर्षांत पाहिला नाही. लग्नाला तो टॉवेल, मयतीला तो टॉवेल, मतदानाच्या रांगेतही तोच. पण त्या टॉवेलनं तो तोंड पुसत नाही की घाम टिपत नाही. कोणी हात लावला तर म्हणतो, "त्याले सोडीसन बोला."

बाकी अंगावर सगळे काळे डाग. हा माणूस चोपड्याकडचा. चाळीस वर्षं केळीचे घड खांद्यावर वाहिले, अजूनही कोणी बोलावलं की जातो. केळीचा चीक असा की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. बोटंसुद्धा काळपट. आणि त्या सगळ्यात हा टॉवेल दुधासारखा. रोज उकळतो. मी त्याला अर्धा वेडा समजत होतो.

घड वाहतानाचं त्याचं एक वाक्य आहे, ते कशालाही लावतो. "माल नाजूक शे." चहाची बशी उचलताना तेच, अंडी आणताना तेच. माझी बायको गेली तेव्हा तिला पोचवून घरी येताना मला पायरी दिसली नाही. यानं माझं कोपर धरलं आणि मागच्या लोकांना म्हणाला, "हळू. माल नाजूक शे." लोक खाली माना घालून हसले.

ती गेली आणि सहा महिन्यांनी मला नात झाली. चिमी. घरात मुलगा, सून आणि मी. मुलगा सकाळीच कामावर जातो. चिमी दूध प्यायची आणि दहा मिनिटांत निम्मं बाहेर टाकायची. सुनेचा गाऊन, माझं धोतर, भिंत, काही सुटलं नाही. पोट ढोलकीसारखं फुगायचं, पाय पोटाशी घेऊन रडायची. शेजारणीनं मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली, तर चिमीनं तिच्याच अंगावर दूध टाकलं. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय, घाबरू नका. थोडं थोडं पाजा, पाजल्यावर उभं धरा.

आम्ही धरायचो. दोन मिनिटं. मग मी तिला झोळीत घालायचो. झोळी माझ्या बायकोच्या पातळाची होती. मीच बांधली होती. आजी नाही तर आजीचा कपडा तरी लागू दे अंगाला, असं माझं डोकं.

सून धुळ्याची. एक दिवस ती सरळ म्हणाली, "नाना, इथं सांगणारं बाईमाणूस कोणी नाही. मी चार-सहा महिने आईकडे जाते. रविवारी भाऊ येतोय न्यायला." बॅग भरून दाराशी ठेवली. चिमी गेली असती तर त्या घरात भांडी आणि मी, दोघंच उरलो असतो.

त्याच दिवशी धनाभाऊ ओट्यावर बसला होता. आत चिमी रडली, तर तो न बघताच म्हणाला, "ढेकर नही निंघना." मग उठून आत डोकावला. झोळीकडे बोट केलं. "नाना, ती झोळी काढा. पोट दुमडी गयं पोरनं. मंग दूध वरच येई."

मला राग आला. "तू केळी वाहिलीस धना, पोरं नाही. आणि ते तिच्या आजीचं पातळ आहे."

तो निघून गेला. मला वाटलं, बरं झालं. अर्ध्या तासानं परत आला तो उजव्या खांद्यावर केळीचा घड घेऊन. म्हणाला, "पोरले ल्या. मना मागे चाला."

"तूच घे की. तुला एवढं कळतं तर."

"नही. तुम्हीच ल्या."

मी चिमीला उचललं, तसं त्यानं घड टेकवून बोटांच्या टोकांनी पातळ सोडलं, त्याची घडी केली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. "आजी आठे बी शेच," म्हणाला, इथंही आजीच. मग अंगणात तो पुढे घड घेऊन आणि मी मागे नात घेऊन, अशा फेऱ्या सुरू झाल्या. गल्ली जमा झाली. "पोट खांदावर. मान हातमा. थोपटा, कुटू नका." तिसऱ्या फेरीला चिमीनं असा ढेकर दिला, जसा जेवलेला पाटील. पातळावर चमचाभर दूध आलं, बस. धनाभाऊनं मान वळवली नाही. "निंघना," म्हणाला. या माणसाला पाठीला कान होते.

पाच दिवस आम्ही असे फिरलो. दूध अजून यायचं, पण थोडं. चिमी हसायला लागली. बॅग मात्र दारातच होती.

रविवारी सुनेचा भाऊ आला. चिमीला प्रवासाचं नवं पांढरं झबलं घातलं. धनाभाऊ अंगणात उभा होता, हात पाठीमागे. सून म्हणाली, "धनाआबा, तुम्ही एकदाही घेतलं नाही तिला. जाताना तरी घ्या."

त्यानं हात पुढे करून दाखवले. "मना हात दखा, माय. सुरतले गयथू, पोरगाकडे, नातले दखाले. सून बोलनी, बाबा, झबलाले डाग पडतीन. खरंच बोलनी ती. मी बजारमा गऊ, हाऊ टॉवेल लिना. परत ऊनू तवर पोर निजेल व्हती."

"मग?"

"मंग मनी गाडीनी येळ व्हई गयी."

ती नात आता सातवीत आहे. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस तो टॉवेल उकळत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. देवळातसुद्धा मी असा कधी उभा राहिलो नाही.

सुनेनं चिमीला पाजून आणलं आणि सरळ त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवलं.

"डाग पडतीन, माय."

"पडू द्या."

मळ्याच्या चिखलातून घड नेणारा तो माणूस सपाट अंगणात अडखळला. मी जाऊन त्याचं कोपर धरलं. "हळू धना," म्हटलं, "माल नाजूक शे." चिमीनं ढेकर दिला आणि टॉवेलवर दूध टाकलं. त्यानं डोळे मिटले.

सुनेचा भाऊ घड्याळ बघत म्हणाला, "ताई, गाडी निघेल."

"आत्ताच पाजलंय," सून म्हणाली. "अर्धा तास तिला उभंच धरावं लागतं. तू जेवून घे."

तो जेवला, वाट पाहिली, शेवटी एकटाच धुळ्याला गेला. धनाभाऊचा अर्धा तास दिवस मावळला तरी संपला नव्हता.